जिन्याच्या बदल्यात दिवा

माझ्या घरमालकाने मला फसवलं. सहा वर्षं, रोज फसवलं, आणि तेवढ्या काळात तो एकदाही खोटं बोलला नाही. फसवणाऱ्याने निदान खोटं तरी बोलावं. भांडायला काहीतरी हाताशी लागतं. या माणसाने तेवढीही सोय ठेवली नाही.

राग आला की मी त्यांना ‘तो’ म्हणते, एरवी शेठ. ते झरतुष्ट्री होते, आपल्या पारशांच्याच धर्माचे, इराणातल्या यज्दचे. मी डहाणूची. आमच्याकडे चिकूच्या बागा इराण्यांच्या, आणि त्यांचेही पणजोबा याच यज्दकडून आलेले. माझे वडील त्या बागांतला उभा माल घ्यायचे, त्यामुळे लहानपणापासून झाडाखाली उभं राहून मी घासाघीस ऐकली आहे. जर्मनीत, कोलोनमध्ये दुकानासाठी जागा बघायला गेले, आणि दारात पांढऱ्या मिशांचा इराणी माणूस दिसला, तेव्हा मला वाटलं, हा आपला गडी. याला मी अर्ध्या तासात गुंडाळते.

तोवर मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या आल्टरेशनच्या दुकानात जर्मनांच्या पँटी आखूड करत होते. नवऱ्याबरोबर झिंडेलफिंगेनला आले होते. नवरा तिथेच राहिला, मी निघाले. हे माझं पहिलं स्वतःचं दुकान होणार होतं.

घर रस्त्यावरून असं दिसायचं की बघून दया यावी. गिलावा सुटलेला, एक खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली, दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. मी मनात भाव पाडायला सुरुवात केली. वाकून आत गेले तर निळ्या फरशांचं अंगण, मधे छोटा हौद, कुंडीत डाळिंब आणि कोपऱ्यात सरूचं उंच झाड.

“पुढची बाजू का नाही दुरुस्त करत?” मी विचारलं. आम्ही जर्मनमध्येच बोलायचो, दोघांचंही सारखंच तोडकं.

“आल्झो, असं बघा, खानूम,” शेठ म्हणाले. ते मला पहिल्या दिवसापासून खानूम म्हणत, म्हणजे बाईसाहेब. “आमच्या यज्दमध्ये झरतुष्ट्र्याचं घर रस्त्यावरून चांगलं दिसलं की ते त्याचं राहत नसे. मुसलमान सुभेदाराचा माणूस बघायचा, मग सुभेदार बघायचा. माझ्या आजोबांनी स्वतः काठीने गिलावा पाडला होता.”

“पण इथे कोण येतंय तुमचं घर बघायला?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. कोणीच येत नाही. म्हणजे उपाय लागू पडतोय.”

मी भाडं सांगितलं, मुद्दाम लाज वाटेल इतकं कमी. शेठ म्हणाले, चालेल. वडील सांगायचे, पहिल्या बोलीला जो हो म्हणतो त्याच्या बागेत कीड असते.

कीड होतीच. शेठच्या तीन अटी होत्या. दुपारी आपण जेवायच्या आधी त्यांच्या कुत्रीला तीन घास द्यायचे. या घरात खोटं बोलायचं नाही. आणि दर आठवड्याला जिना पुसायचा. पहिल्या दोन मी न ऐकल्यासारख्या मान्य केल्या. तिसरीवर मात्र माझं डोकं फिरलं. अकरा वर्षं मी त्या दुसऱ्याचा जिनाही पुसला होता.

“जिना मी पुसणार नाही,” मी म्हटलं. “दुसरं काहीही सांगा.”

शेठनी मिशीवरून हात फिरवला. “मग जिना माझा. तुम्ही दिवा सांभाळा. तळघरात आहे. सकाळ-संध्याकाळ तेल घालायचं आणि विझू द्यायचा नाही.”

दोन चमचे तेलाच्या बदल्यात चार मजल्यांचा जिना. मी तिथल्या तिथे ते भाडेकरारात लिहून घेतलं. होय, मीच लिहून घेतलं, त्यांनी मागे फिरू नये म्हणून. मग घरी जाऊन स्वतःला चहा केला आणि दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

दिवा म्हणजे पितळेची वाटी, त्यात तेल आणि वात, भोवती काचेचं झाकण. देवळातल्या आगीसारखा तो नव्हता. ती आग त्यांचे पुजारी सांभाळतात, तिथे मला कोणी उभंही केलं नसतं. हा घरचा दिवा. “माझ्या आईच्या दिव्यावरून लावलेला,” शेठ म्हणाले, “आणि आईचा तिच्या सासूच्या दिव्यावरून.” यज्दमध्ये तो घरातल्या सगळ्यात आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत असे, गल्लीतून उजेड दिसू नये म्हणून. इराणात मुल्लांचं राज्य आलं तेव्हा शेठची शाळेतली नोकरी गेली. ते रसायनशास्त्र शिकवायचे. मग एका मालट्रकमध्ये त्याच ज्योतीचा कंदील मांडीवर घेऊन ते तुर्कस्तानमार्गे जर्मनीत आले. कोलोनमध्येही दिवा तळघरातच ठेवला, कारण वर ठेवला तर उजेड रस्त्यावर जातो.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. किती पिढ्यांची ज्योत, आणि तेल घालणारी मी. पहिल्या वर्षी दिवाळीत डहाणूला जायचं तिकीट काढलं आणि शेठना म्हटलं, तीन आठवडे दिवा तुम्ही बघा.

“माझे गुडघे तळघरात उतरत नाहीत, खानूम.”

“मग दुसरं कोणी?”

“करारात तुमचं नाव आहे.”

तिकीट रद्द केलं. हेच गुडघे दिवसभर सायकल मारत होते. त्या गुडघ्यांनाही खोटं बोलायची मनाई असावी, पण किती खरं बोलायचं ते त्यांचं ते ठरवत.

शेठची सायकल हे एक प्रकरणच होतं. जिथे सायकलवरून उतरून चालायचं असतं त्या रस्त्यांवर ते कधीही उतरले नाहीत. पालिकेचा माणूस अडवायचा, ते शांतपणे थांबायचे, एक पाय जमिनीला टेकवायचे, पण बूड सीटवरच.

“माझ्या आजोबांना गाढवावर बसायची परवानगी नव्हती,” ते त्या माणसाला सांगायचे. “गावाबाहेर बसले आणि समोरून मुसलमान आला की उतरावं लागे. गाढव लंगडं असलं तरी. ते जन्मभर उतरले. आमच्या घराण्याच्या वाट्याचं उतरून झालेलं आहे.”

तो माणूस म्हणायचा, “पण मी मुसलमान नाही.”

“मग तर उतरायचा प्रश्नच येत नाही.”

पाऊस पडला की शेठ घराबाहेर पाऊल टाकत नसत. आणि कोलोनमध्ये पाऊस विचारून पडत नाही. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट चार वेळा चुकली. मला वाटलं सर्दीला भितात. तर नाही. यज्दमध्ये पूर्वी पावसात झरतुष्ट्र्यांना बाहेर पडायला बंदी होती, त्यांच्या अंगावरचं पाणी उडून दुसऱ्याला बाटवील म्हणून.

“अहो शेठ, ते राज्य गेलं, ते लोक गेले,” मी म्हटलं. “आता कशाला पाळताय?”

“आमच्या लोकांना त्या राज्यात एकच सुट्टी मिळाली,” शेठ म्हणाले. “पावसाची. बाकी सगळं सोडलं मी. ही नाही सोडणार.”

आणि दुकानात येऊन बसायचे. तिथे माझं खरं नुकसान व्हायचं. झरतुष्ट्र्याला सर्वांत मोठं पाप खोटं बोलण्याचं, हे मी डहाणूलाही ऐकलं होतं, पण तिकडचे इराणी निदान गप्प बसायचे. इथे एखादी नवरी आरशासमोर उभी राहून विचारायची, कशी दिसते मी? मी तोंडात टाचण्या धरून ‘सुंदर’ म्हणायच्या आत कोपऱ्यातून आवाज यायचा, “पडद्यासारखी.” एका गृहस्थाने विचारलं, मी बारीक झालोय ना? शेठ म्हणाले, “पँट मोठी झालीय.” मी त्यांना बाहेर काढलं. ते खुर्ची घेऊन जिन्यापाशी, दुकानाच्या दारासमोर बसले आणि आत येणाऱ्याला तिथेच खरं सांगू लागले. मग मीच त्यांना परत आत घेतलं. आतलं खरं निदान एका वेळी एकालाच ऐकू यायचं.

गिऱ्हाईक म्हणूनही तसेच. एकदा नवाकोरा लोकरी कोट घेऊन आले.

“याला थिगळ लावा.”

मी कोट उलटासुलटा केला. “फाटलाय कुठे?”

“फाटलेला नाही. पाठीवर लावा. दुसऱ्या रंगाचं.”

त्यांच्या आजोबांना नवं अखंड कापड घालून बाजारात जाता येत नसे, कोणीही येऊन फाडायचं. म्हणून नवा कपडा आला की घरातल्या बायका आधीच त्याला थिगळ लावत. त्याच बायका स्वतःच्या सलवारी हिरव्या-तांबड्या पट्ट्या जोडून शिवत. शेठनी त्यांच्या आईची एक मला दाखवली. मी टाके मोजायला बसले आणि अर्ध्यात सोडून दिलं. पट्टीला पट्टी अशी बसवलेली की जोड बोटाला लागत नव्हता. गरिबी दाखवायला एवढी कलाकुसर मी आयुष्यात पाहिली नाही. कोटाला थिगळ लावून दिलं, आणि तेही असं सुरेख बसलं की शेठ नाराज झाले. म्हणाले, हे फॅशनसारखं दिसतंय.

आमचं पहिलं मोठं भांडण मात्र शॉर्नश्टाइनफेगरवरून झालं. शॉर्नश्टाइनफेगर म्हणजे इकडे धुराडी आणि शेगड्या तपासायला येणारा माणूस. काळा पोशाख, सोनेरी बटणं, हातात ब्रश. त्याची चिठ्ठी आली तशी शेठचा चेहरा उतरला. सरकारी माणूस घरात आग शोधायला येणार. त्यांच्या घराण्याने कित्येक पिढ्या हेच तर चुकवलं होतं.

“खोटं बोलायचं नाही,” शेठ म्हणाले. “तो विचारेल, तळघरात उघडी ज्योत आहे का. मी ‘नाही’ म्हणणार. म्हणून त्या वेळी ती तळघरात असता कामा नये.”

मी दिवा वर आणला आणि कपडे बदलायच्या खोलीत, स्टुलावर ठेवला. डाव्या हाताला तयार झालेला सॅटिनचा ड्रेस, उजव्या हाताला पडदा, मधे ज्योत. शेजारी कुत्रीला बसवलं, कारण ती बाहेर असली की भुंकते. कुत्रीचं नाव बानू.

तळघराच्या तोंडाशी फेगरने विचारलं, शेठनी खरं उत्तर दिलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग तो तळघर बघून वर आला आणि म्हणाला, दुकानातला धुराड्याचा पाइप बघतो. पाइप नेमका त्या खोलीच्या मागे.

मी पडद्यासमोर उभी राहिले. “आत बाई कपडे बदलतायत.”

“थांबतो,” फेगर म्हणाला.

थांबला. आम्ही तिघं उभे. आतून बानू जोरात शिंकली.

“गेझुंडहाइट,” फेगर पडद्याला अदबीने म्हणाला. जर्मन माणूस कोणीही शिंकलं की हे म्हणतोच. आतून उत्तर आलं नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली, बाई फटकळ दिसते असा चेहरा केला, कागदावर सही ठोकली आणि गेला.

मी घामाने चिंब. वाटलं, शेठ आता पाया पडतील. शेठ हौदाच्या काठावर जाऊन बसले, बाप मेल्यासारखे.

“या घरात खोटं बोललं गेलं,” ते म्हणाले.

“तुमचा दिवा वाचवला मी.”

“दिवा वाचला. आता त्याला सांगून या की आत बाई नव्हती, कुत्री होती.”

“मी वेडी आहे का?”

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले, सायकलवर, पाऊस नव्हता म्हणून. त्याच दुपारी फेगर त्यांच्याबरोबर परत आला. तळघरात उतरला, दिवा बघितला. दगडी फरशी, काचेचं झाकण, जवळ काही नाही. म्हणाला, “हा तेलाचा दिवा आहे. माझा याच्याशी काय संबंध? माझी आजी खिडकीत दोन ठेवायची.” आणि बानूला शोधून तिला नीट नमस्कार करून गेला. त्या दिवसापासून तो कामावर जाताना दारातून बानूला हाक मारून जातो.

यावर शेठ काय म्हणाले असतील? म्हणाले, “हा मनुष्य फार हुशार आहे. लक्ष ठेवायला हवं.”

दरम्यान सहा वर्षं गेली. माझ्या भाचीचं लग्न मी मोबाइलवर पाहिलं. आईचं सहस्रचंद्रदर्शन मोबाइलवर पाहिलं, तळघरात उभी राहून, कारण तेलाची वेळ झाली होती. आई म्हणाली, “मागे काय गं ते जळतंय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “त्या शेठच्या दिव्याला तू आहेस. मला कोण आहे?” आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. ती तांदूळ निवडत होती.

मी शेठना हे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, “तुमच्या आईंना माझा सलाम सांगा.” सलाम. मला तीन आठवडे हवे होते.

मग यंदाचा कार्निव्हल आला, सगळं शहर सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतं तो सण. कार्निव्हलच्या आठवड्यात कोलोनमधल्या शिंपिणीने जेवायचं नसतं. चाळीस वाघ, बारा नन्स, एका आख्ख्या बँड पथकाचे सुलतानाचे अंगरखे, सगळं माझ्याकडे. गुरुवारी, बायका पुरुषांचे टाय कापतात त्या दिवशी, रस्ते तुडुंब भरलेले. शेठ त्या गर्दीतून सायकलवर निघाले. सगळे ओरडत होते, उतरा, उतरा. ते उतरले नाहीत. वळणावर फेटा आणि तलवार लावलेला एक ढोलवाला सुलतान समोर आला, त्याच्या ढोलावर आदळले. कमरेचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये मी शेजारी बसले होते. चेहरा पांढराफटक, आणि तरी असा समाधानी की मला चीड आली.

“सुलतान होता, खानूम,” ते म्हणाले. “आणि मी उतरलो नाही.”

“उतरलात की, अहो. डोक्यावर उतरलात.”

त्या धावपळीत दिवसभर तळघरात गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर काच गार होती. वाटी कोरडी. किती वेळ मी तिथे पायरीवर बसून होते मला माहीत नाही. मग वर गेले, गल्ल्यातला गुलाबी लायटर आणला, तेल घातलं आणि दिवा लावला. जशीच्या तशी ज्योत. हाच तर त्रास होता.

दुपारी हॉस्पिटलमध्ये द्राक्षं घेऊन गेले.

“दिवा?” शेठनी विचारलं.

“जळतोय.” शब्दन् शब्द खरा. त्यांच्याकडूनच शिकले होते.

“सकाळीही जळत होता?”

हॉस्पिटल म्हणजे काही त्यांचं घर नव्हतं, अट तिथे लागू नव्हती. तरी तोंडातून निघालं, “विझला होता. मी लायटरने लावला. किऑस्कमधल्या. गुलाबी.”

शेठ हसायला लागले. हसताना कंबर दुखत होती, म्हणून कण्हत हसत होते. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने घंटी वाजवून नर्सला बोलावलं.

“गुलाबी चांगला आहे,” नर्स गेल्यावर ते म्हणाले. “माझ्याकडे ट्रक ड्रायव्हरचा होता. तुर्कस्तानच्या सीमेवर वारं सुटलं, कंदील विझला. त्याने सिगारेट पेटवली आणि माझा कंदीलही पेटवून दिला. आईच्या वेळी एकदा धुळीच्या वादळात विझला. झरतुष्ट्री वस्ती दूर. आईने भिंतीवरून शेजारणीला हाक मारली, मुसलमान बाई, तिने चुलीतला निखारा चिमट्यात धरून भिंतीपलीकडे दिला. कोणाला सांगितलं नाही, तिनेही नाही. तिला जास्त मार बसला असता. आणि कोलोनमध्ये एकदा, मला झोप लागली.”

“तुम्ही म्हणाला होता आईच्या दिव्यावरून लावलेला आहे.”

“लावलाच होता. पहिल्यांदा.”

“मग हा विझू शकतो, परत लावता येतो, हे मला सहा वर्षांत का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत, खानूम. तुम्ही जिन्याबद्दल विचारलंत.”

मी द्राक्षांचा घड उचलला आणि परत घेऊन आले. दारातून म्हटलं, माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. शेठ काहीतरी बोलायला लागले होते. मी ऐकलं नाही, दार लावलं. आठवडाभर गेले नाही. त्यांना चांगलं तडफडू दे, मग जाईन आणि पूर्ण भांडेन, असं ठरवलं होतं. गेले तेव्हा पलंगावर दुसरा माणूस होता. न्यूमोनिया झाला म्हणे. दोनच दिवसांत.

न्युरेम्बर्गहून त्यांचा भाचा आला, इंजिनिअर, सभ्य मुलगा. घर आता त्याचं. म्हणाला, टांटे, म्हणजे मावशी, आता विझवा तो दिवा, मामा पण कधी कधी विझवत असेल. परत जाऊन त्याने पोस्टाने एक विजेचा दिवा पाठवला, ज्योत हलल्यासारखी दिसते, सोबत रिमोट. तो मी बानूला खेळायला दिला.

मी तिकीट काढलं आहे. परवा निघते. काल संध्याकाळी तळघरात फुंकर मारायला उतरले, तीन वेळा वाकले आणि तीन वेळा तेल घालून वर आले. हा दिवा कोणाच्या निखाऱ्याचा, कोणाच्या सिगारेटचा आणि माझ्या कोणत्या लायटरचा आहे हे सगळं ठाऊक असताना. शेवटी आज सकाळी फेगरला आत बोलावलं, तेलाची बाटली दाखवली, बानूच्या तीन घासांचं सांगितलं. तो भला माणूस लगेच हो म्हणाला. मग टोपी काढून त्याने विचारलं, “आणि विझला तर?”

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “विझू द्यायचा नाही.”

तो बिचारा तेव्हापासून दोनदा तळघरात जाऊन आला आहे. याचंही पाप शेठच्याच माथी.

झरतुष्ट्री लोक मानतात की मेल्यावर प्रत्येकाला एका पुलावरून जावं लागतं आणि तिथे त्याचा निवाडा होतो. पुलाच्या तोंडाशी कुत्रे राखणीला असतात. जन्मभर कुत्र्यांना आधी जेवू घातलेल्या माणसाचा तिथे कसा निवाडा होणार, हे मला कळतं. तरीही माझी मागणी आहे की त्यांना पलीकडे सोडू नये. शेठ, तुम्ही त्या पुलावर थांबा आणि मला सांगा: माझ्या आईची सहा वर्षं तुम्ही कशासाठी घेतलीत, आणि मी दार लावलं तेव्हा तुम्ही काय बोलणार होता. खरं उत्तर नको, ते तुम्ही नेहमीच देत आलात. पूर्ण द्या.